शून्य रुपयांचा मुक्काम

चार महिन्यांच्या परदेश प्रवासाचा हिशेब केतकीने एक्सेलमध्ये मांडला आणि बापाला, म्हणजे मला, दाखवायच्या आधी आत्याला दाखवला. त्यात डाव होता. आत्या पटली की बाबांना वेगळं पटवावं लागत नाही, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण ही आत्या, म्हणजे माझी ताई, सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत मुख्याध्यापिका होती आणि निवृत्त होऊनही तिची ऑडिटरची नजर गेलेली नाही. गावं, तारखा, विमानं सगळं ओलांडून तिने खर्चाच्या रकान्यात बोट ठेवलं.

“ही शून्यं कसली गं?”

“तिथे मी व्हॉलंटियरिंग करणार आहे. राहणं-जेवण फुकट.”

“फुकट? मग बिल कोण भरतं?”

“कोणीच नाही. मी काम करणार, ते जेवायला घालणार.”

“मग ते फुकट नाही. आणि त्याला सेवाही म्हणू नकोस.”

हे रात्री उशिरापर्यंत चाललं आणि सकाळी पोह्यांबरोबर पुन्हा निघालं. मधल्या खुर्चीवर मी होतो.

आधी बेत सांगतो. केतकी २६ वर्षांची, पुण्यात एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न्स भरते. पासपोर्ट काढून ठेवलाय, त्यावर अजून एकही शिक्का नाही. गोरखपूरहून सोनौलीची सीमा ओलांडून नेपाळ; मग वीरगंज-रक्सौलवरून परत येऊन मिथिला एक्स्प्रेसने हावडा; कोलकात्याहून बँकॉक, कारण तिथून तिकीट स्वस्त पडतं; पुढे चियांग माई, मेकाँगमधून दोन दिवसांच्या संथ बोटीने लाओसमधलं लुआंग प्रबांग आणि शेवटी व्हिएतनाम. कंबोडिया तिने नाइलाजाने गाळला होता. २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडियात चकमकी झाल्या आणि जमिनीवरची सीमा बंद पडली. सगळं मिळून तीन लाखांत बसवायचं होतं, आणि ते बसत होतं ते या शून्यांच्या जोरावर. पोखऱ्याजवळ शेतावर काम, काठमांडूत एका बालगृहात मुलांना शिकवणं, चियांग माईला हत्ती, व्हिएतनाममध्ये एका होमस्टेत इंग्रजीचे तास. जवळजवळ निम्मा मुक्काम शून्यात.

“काठमांडूचं बालगृह आधी काढ,” ताई म्हणाली. “बाकीचं मग बघू.”

“का? खरी गरज तर तिथेच आहे.”

“कुणाची गरज? नेपाळात ही बालगृहं कुठे आहेत ते नकाशावर बघ. काठमांडूचं खोरं, पोखरा, चितवन. अनाथ पोरं काय फक्त टुरिस्ट फिरतात तिथेच जन्माला येतात?”

केतकी गप्प. ताईने मग सांगितलं ते मलाही नवं होतं. दलाल डोंगरातल्या गावांत जातो, पोराला शहरात शिकवतो म्हणून आईबापांकडून वर पैसे घेतो, आणि कागदोपत्री त्याच आईबापांना मेलेलं दाखवतो. पोर बालगृहात जातं. परदेशी पाहुणा येतो, गळ्यात पडलेल्या पोराबरोबर फोटो काढतो, देणगी देऊन जातो. पोर घरी पाठवलं तर देणगी बंद, म्हणून ते घरी जात नाही.

“सगळीच काही तशी नसतील.”

“नसतील. पण दोन आठवड्यांसाठी येणाऱ्या, कुणी चौकशीही न केलेल्या माणसाला जे मुलांच्या खोलीत सोडतात, ते कुठल्या प्रकारातले असतील? आमच्या शाळेत वॉचमन ठेवायचा तरी पोलीस पडताळणी लागायची.”

रात्री केतकी बहुधा यावरच वाचत बसली असावी. सकाळी तिनेच सांगितलं की कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथालयांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली होती. सरकार आणि युनिसेफने मोजलं तेव्हा बहुतेक मुलांची आई किंवा वडील हयात निघाले. म्हणजे अनाथ वाढले नव्हते, अनाथ बघायला येणारे वाढले होते. पुढे ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी मुलांना असं बालगृहात आणण्याची गणना मानवी तस्करीत केली. बालगृहाची ओळ तिने डिलीट केली. पण हार मानणं तिच्या रक्तात नाही (आत्याच्याही नाही, आणि मी त्या दोघींचा कोण ते विचारू नका).

“तुझ्या शाळेत यायचे ना परदेशी? त्यांना तू हो का म्हणायचीस?”

प्रश्न वर्मी लागला. दर हिवाळ्यात तिच्या शाळेत कुठल्या ना कुठल्या देशातली दहा-बारा तरुण मुलं दोन आठवड्यांसाठी यायची. ताई त्यांच्या गोष्टी आम्हाला नेहमी हसत सांगायची, आज हसली नाही.

“यायची ना. इंग्रजी शिकवायची. कायम एकच गाणं, हेड-शोल्डर्स-नीज-अँड-टोज. माझ्या चौथीच्या पोरांना ते मागच्या तीन हिवाळ्यांपासून तोंडपाठ होतं. पण नवे पाहुणे आले की पोरं मुद्दाम चुकायची. डोक्याला हात लाव म्हटलं की गुडघ्याला लावायची. चुकलं की पाहुणे खूष होतात, चॉकलेट देतात, हे त्यांना कळलं होतं. कसली हुशार पोरं! आणि आमच्या स्वयंपाकीण मावशी दोन आठवडे बिनतिखटाचं वेगळं रांधायच्या. पिण्याच्या पाण्याचे जार गाडी करून आणायचे. त्यांच्यासाठी पंखे लावले ते त्यांच्यानंतर गेस्टरूममध्येच राहिले.”

“म्हणजे त्यांच्यामुळे काही बिघडलं नाही.”

“दुसरीतल्या पोरांचं बिघडायचं. त्यांचे आईबाप दिवाळीनंतर दिंडोरीकडे द्राक्षबागांत मजुरीला गेलेले असायचे. पोरं अशीच कावरीबावरी. त्यात हे येऊन दोन आठवडे कडेवर घेणार, केस विंचरणार, आणि मग एक दिवस गाडी आली की टाटा. माणसं जातात, हे त्या पोरांना घरीच शिकायला मिळत होतं की. शाळेत वेगळा तास कशाला?”

“मग हो का म्हणायचीस?”

“वरून सांगितलेलं असायचं. त्यांच्याबरोबर देणगी यायची. सोलर हीटर तसाच आला.”

“मग सगळा दोष त्या परदेशी पोरांच्या माथी का मारतेस? गरम पाणी तुम्ही वापरलंत ना?”

यावर ताईकडे उत्तर नव्हतं आणि तिने ते शोधायचा आवही आणला नाही. थोड्या वेळाने मात्र तिला कोणीतरी आठवलं.

“एकदा हॉलंडचा एक म्हातारा आला होता. प्लंबर. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, गळतंय कुठे? चार दिवसांत मुलींच्या संडासातले सगळे नळ धड करून दिले, आमच्या शिपायाला वॉशर बदलायला शिकवलं, आणि जेवणाचे पैसे पाकिटात घालून टेबलावर ठेवून गेला. इंग्रजी त्यालाही माझ्याइतकंच यायचं.”

“मला नळ दुरुस्त करता येत नाहीत.”

“तुला हिशेब येतो. एक तरी लहान संस्था दाखव, जिला मार्चमध्ये हिशेब लिहिणारं माणूस नको असतं. विनियोग प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही म्हणून माझ्या शाळेचा हप्ता अडकला होता. मिठ्या मारायला माणसं रांगेत उभी होती, व्हाउचर लावायला कुणी नव्हतं.”

“आत्या! मी जीएसटीपासून पळून जगाच्या टोकाला जायचं आणि तिथे जाऊन व्हाउचर लावायची?”

“मग मदत करायची हौस आहे की फिरायची?”

“फिरायची,” केतकी म्हणाली. “खरं सांगायचं तर फिरायची.”

माझ्या मते चर्चा इथे वळली. कारण यानंतर ताईचा आवाज उतरला.

“मग त्यात वाईट काय आहे? तसं म्हण. फिरायला जातेय, पैसे कमी आहेत, अंगमेहनत करून चार ठिकाणी राहीन. हा सरळ सौदा झाला. आपल्याकडे शेतात सावड असते, आज तुझ्या बांधावर मी, उद्या माझ्या बांधावर तू. नेपाळच्या डोंगरात त्याला पर्म म्हणतात. कुणी कुणावर उपकार करत नाही. त्यात फक्त एक बघायचं, आपलं काम त्यांच्या दोन वेळच्या भाताला फिटतं का.”

केतकीने लगेच संधी साधली. शेतांची ही व्यवस्था मुळात तशीच सुरू झाली, हे तिने वाचून ठेवलं होतं. १९७१ मध्ये लंडनमध्ये सेक्रेटरी असलेल्या सू कॉपर्डला शहराचा कंटाळा आला आणि शनिवार-रविवारी गावाकडे जायला पैसे नव्हते. सेंद्रिय शेती करणाऱ्यांकडे दोन दिवस राबायचं आणि तिथेच जेवायचं, अशी तिने सोय लावली. तीच पुढे ‘वूफ’ या नावाने जगभर पसरली. दिवसाला चार ते सहा तास काम, बदल्यात जेवण आणि झोपायला जागा. “बघ, तीही माझ्यासारखीच होती. ऑफिसला कंटाळलेली.”

“बरोबर आहे. मुलगी प्रामाणिक होती.”

“मग सेवेची मोठी परंपरा कुठली म्हणशील तू?”

ताईचा पिंड सर्वोदयी. तिने पिएर सेरेसोलचं नाव काढलं. हा स्विस इंजिनियर. पहिल्या महायुद्धात वर्दूनजवळची खेडी जमीनदोस्त झाली, तिथे १९२० मध्ये तो वेगवेगळ्या देशांची माणसं घेऊन घरं उभी करायला गेला. त्यांत जर्मनही होते, ज्यांच्या सैन्याशी कालपर्यंत लढाई होती. आणि बिहारमध्ये १९३४ च्या जानेवारीत भूकंप झाला तेव्हा हाच सेरेसोल मोजके सोबती घेऊन तिथे आला आणि गावं वसवायच्या कामाला लागला. त्याने सुरू केलेल्या संघटनेचे वर्ककॅम्प आजही भरतात. दोन-तीन आठवडे, पाच-सात देशांची आणि त्याच गावची मुलं एकत्र, प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा.

“तिथे गावची पोरंही तुझ्याबरोबर घमेली उचलतात,” ताई म्हणाली. “एकाने द्यायचं आणि दुसऱ्याने हात पसरायचा, असं नसतं.”

“सर्वोदयातलंच बोलायचं तर सतीश कुमार,” केतकी म्हणाली. हा पत्ता तिने राखून ठेवला होता. “१९६२ मध्ये तो आणि त्याचा मित्र मेनन राजघाटावरून निघाले, मॉस्को, पॅरिस, लंडन करत वॉशिंग्टनपर्यंत गेले. अण्वस्त्रांच्या विरोधात. आणि खिशात एक पैसा ठेवू नका, हे त्यांना कुणी सांगितलं? तुझ्या विनोबांनी. त्यांचा सगळाच मुक्काम शून्य रुपयांचा होता की!”

मी मनात टाळी वाजवली. ताईने चहाचा घोट घेतला.

“होता. पण ज्यांच्या घरी जेवले, त्यांचा उद्धार करायला आलोय असं ते म्हणाले नाहीत. दारात उभं राहून भाकरी मागितली आणि आपलं म्हणणं सांगितलं. घेणाऱ्याने घेणारा म्हणून जावं. तुझ्या कागदात जेवणार तू आणि वर मदत करणारीही तूच.”

यावर केतकीने बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, “तू मला सोमनाथला का जात नाहीस, असं अजून कसं विचारलं नाहीस?”

“विचारणारच होते. बाबा आमट्यांची श्रमसंस्कार छावणी. चंद्रपूरचा मे महिना, अंगातून घामाच्या धारा, पण माणूस घडतं तिथे. पासपोर्टही लागत नाही.”

“मी दोनदा जाऊन आलेय गं कॉलेजात असताना. आवडलं होतं. पण इथे कुठेही गेलं तरी पहिल्या पाच मिनिटांत आडनाव विचारतात. मग गाव. मग लग्नाचं काय. इथे मी कायम कुणाची तरी मुलगी असते. मला जिथे माझं आडनाव कुणाला कळतच नाही अशा ठिकाणी महिनाभर बटाटे खणायचेत.”

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं.

हत्तींचा निकाल झटपट लागला. चियांग माईजवळच्या आश्रयस्थानांत आठवडाभर काम करायला उलट आपणच पैसे भरायचे असतात, हे कळल्यावर ताई खुर्चीत मागे रेलून हसली. “शेण काढायचं आणि वर फी भरायची! अगं, आमच्या गोठ्यात ये.” केतकीने समजावलं की लाकूड ओढून, माणसं पाठीवर वाहून थकलेले हत्ती तिथे सांभाळतात आणि चारा महाग असतो. जिथे बसायला किंवा अंघोळ घालायला हत्ती देतात ती जागा टाळायची, एवढं तिला माहीत होतं. शेवटी दर पाहून तिनेच ते रद्द केलं.

एका मुद्द्यावर मला तोंड उघडावं लागलं. “इमिग्रेशनवर काय सांगणार?”

“टुरिस्ट.”

“आणि काम?”

“पगार नाही ना घेत, बाबा.”

“थायलंडच्या कायद्यात बिनपगारी कामही कामच धरतात. वर्क परमिट लागतं.”

“सगळेच करतात.”

“तुझा क्लायंट जीएसटीच्या बाबतीत असं म्हणाला तर त्याला काय सांगतेस?”

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या दोन दिवसांत मला मिळालेला हा एकुलता एक गुण. नेपाळचं वेगळं आहे. १९५० च्या करारामुळे आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही, राहण्यावरही तशी बंधनं नाहीत. इतर देशांच्या पर्यटकांना मात्र तिथेही टुरिस्ट व्हिसावर असं काम चालत नाही. थायलंडने जुलै २०२४ पासून आपल्याला ६० दिवस व्हिसाशिवाय राहू दिलं, पण हे नियम वाऱ्यासारखे फिरतात, म्हणून निघायच्या आठवड्यात पुन्हा बघायचं. मे २०२५ पासून तिथे जाताना डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते सरकारी साइटवर मोफत आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करायची. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो, एका प्रवेशाचे २५ डॉलर, पण कुठल्या नाक्यावरून आत शिरणार ते अर्जातच लिहावं लागतं. त्या व्हिसावर क्लास घेणं बसत नाही. म्हणजे शून्यांपैकी आणखी एक गेलं.

“आता माझ्याकडे उरलं काय?” केतकी चिडली. “शेत. बास.”

“इंग्रजीच बोलायचं असेल तर लुआंग प्रबांगला बोल की,” असं ताई म्हणेल हे मला स्वप्नातही वाटलं नसतं. तिने रात्रीत केतकीच्या टॅबवरून गृहपाठ केला होता. तिथे बिग ब्रदर माऊस नावाची संस्था लाओ भाषेत मुलांची पुस्तकं छापते. तिच्या दुकानात इंग्रजीचा सराव करायला त्या गावची मोठी मुलंमुली येतात, आणि रस्त्याने जाणाऱ्या कुणीही प्रवाशाने तास-दोन तास बसून गप्पा माराव्यात अशी रीत आहे. ना मुक्काम, ना सर्टिफिकेट. “संस्था त्यांची, पुस्तकं त्यांची, वेळ त्यांनी ठरवलेली. आणि तू गेलीस म्हणून कुणी रडणार नाही.”

“आणि हनोईत उलटंच आहे,” केतकी म्हणाली. “हनोईकिड्स म्हणून कॉलेजच्या मुलांचा क्लब आहे. ती मुलं आपल्याला फुकट गाव दाखवतात, त्यांचं इंग्रजी सुधारावं म्हणून. व्हॉलंटियर ती, मी नाही.”

“हे उत्तम. तिथे गप्प बसून ऐक. जेवण मात्र तू घाल.”

हिशेब पुन्हा मांडला. चार महिन्यांचे तीन झाले. राहिलेल्या शून्याच्या जागी ताईने रोजचे पाचशे रुपये लिहायला लावले, आजारी पडलीस किंवा काम जमलं नाही तर देण्यासाठी. केतकी म्हणाली, शेतावरचे लोक पैसे घेत नाहीत, त्यांना अपमान वाटतो. ताई म्हणाली, मग घरातल्या म्हातारीसाठी स्वेटर ने. यावर एकमत झालं नाही आणि तो आकडा अजून कंसात आहे. इन्शुरन्सवर मी अडून बसलो. ज्या गाडीचं लायसन नाही ती चालवताना पडलं तर कंपनी हात वर करते, हे मी दोघींनाही ऐकवलं. रेबीजची लस आधी घ्यायची, कारण डोंगरात कुत्री असतात आणि दवाखाना लांब. परतीच्या तिकिटाएवढे पैसे वेगळ्या खात्यात, ज्याला हात लावायचा नाही. हे सगळं तिला माहीत होतं; तरी मी बोललो आणि तिने ऐकून घेतलं.

मग तिने पोखऱ्याजवळच्या शेतकऱ्याला पत्र लिहिलं. प्रश्न ताईचे, इंग्रजी केतकीचं. तुमच्याकडे खरंच माणसाची गरज कधी असते? मला शेतातलं काही येत नाही, शिकवण्यात तुमचा वेळ किती जाईल? मी आले नाही तर तुम्ही गावातला मजूर लावाल का, म्हणजे मी कुणाची मजुरी बुडवते का?

आठ दिवसांनी उत्तर आलं. दसैं-तिहारात (म्हणजे दसरा-दिवाळीत) येऊ नकोस, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. ते संपलं की ये, तेव्हा कोदोची, म्हणजे नाचणीची, कापणी असते. शिकवायला दोन दिवस लागतील, तोवर भांडी घासायला हरकत नाही. म्हशीचं मांस खातेस का ते कळव. आणि मजुरांचं म्हणशील तर गावात हाताशी कोणी उरलेलं नाही, तरणी मुलं सगळी मलेशिया-कतारला. आमचा थोरला दोहाला आहे. धाकटा तुमच्याकडे पुण्यात, एका हॉटेलच्या किचनमध्ये.

केतकीने ते दोनदा मोठ्याने वाचलं.

“म्हणजे त्यांचा मुलगा माझ्या गावात राबतो आणि मी त्याच्या शेतात राबायला जाणार,” ती म्हणाली. “आत्या, हे तुझ्या कुठल्या रकान्यात बसतं?”

“ते राहू दे,” ताई म्हणाली. “त्याचा नंबर माग. निघायच्या आधी त्याला भेट आणि आईसाठी काही द्यायचंय का ते विचार. बॅगेत दोन किलोची जागा ठेव.”

“माझ्या बॅगेला सात किलोची मर्यादा आहे.”

“मग कपडे कमी कर.”